एका रशियन नटाचा परिचय, मुक्काम घाटनांदूर

"तुमी न्हाई येत तर लेकीला धाडा, तिला रशियन येतं न्हवं?" घाटनांदूरच्या शिवलिंगअप्पांनी बाबांना फोनवर एवढं विचारलं आणि माझा प्रवास ठरला.

अप्पांचं गावात किराणा दुकान आहे आणि ते तिथलं हौशी नाट्यमंडळही चालवतात. वेरूळला त्यांना भारत बघायला निघालेला एक म्हातारा रशियन नट भेटला. मोबाईलवर भाषांतर करत करत अप्पांनी त्यालाच आपल्या नाटकाच्या उद्घाटनाचं आमंत्रण देऊन टाकलं. संभाजीनगरहून त्यांना अप्पांनी धाडलेल्या गाडीनं घेऊन जायचं, दुभाषी म्हणून बोलायचं आणि संध्याकाळी स्टेजवर पाहुण्यांचा परिचय करून द्यायचा, अशी माझी कामं. परिचयात एक जरी खोटी गोष्ट गेली तर काय, या काळजीनं आदल्या दिवशीच मी त्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून ठेवली.

त्यांचं नाव अर्कादी पेत्रोविच. रशियनमध्ये वडीलधाऱ्यांना हाक मारताना नावापुढे त्यांच्या वडिलांचं नाव जोडतात, हे बाबांनीच शिकवलेलं. व्होल्गाकाठच्या एका शहरातल्या थिएटरात त्यांची उमेदीची वर्षं गेली. फोनवर त्यांनी फोटो दाखवले: राजा, भिकारी, पाद्री. सिनेमात मात्र कायम छोटी कामं, बहुतेक वेळा वाईट बातमी सांगणारा डॉक्टर. मग भर बहरात असताना एका हिवाळ्यात त्यांनी स्टेज सोडलं. का सोडलं, ते फोटोंत नव्हतं.

रस्ता चांगला आहे, पण शहागडच्या पुढे वाळू वाहणाऱ्या हायवा डंपरांपासून जपा. गोदावरीचा पूल येईपर्यंत आम्ही दोघं लहानपणाबद्दल बोललो. आजारपणामुळे मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, सगळं बाबांनी घरी शिकवलं. अर्कादी पेत्रोविच यांनाही पहिली अक्षरं वडिलांनीच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलेली. कुणीतरी आपल्यासारखं निघालं म्हणून मला फार बरं वाटलं.

गेवराईला जेवलो. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. हॉटेलमालक धिप्पाड गडी.

"ठेचा झेपंल का रशियाला?" त्यानं विचारलं आणि स्वतःच हसला. पाहुणे नट आहेत कळल्यावर शेजारी येऊन बसला. "मी बी पैलवान होतो. गुडघा गेला अन् सुटलं समदं. ह्यांनी कावून सोडलं?"

मी ते रशियनमध्ये सांगितलं. अर्कादी पेत्रोविच भाकरी मोडता मोडता थांबले. "गुडघा," ते म्हणाले. तालमीत स्टेजची फळी मोडली आणि ते खाली गेले. मालकानं रस्सा वाढला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मी मनात नोंद केली: गुडघा.

मांजरसुंब्याला रबडीसाठी थांबलो. थांबाच, चुकवू नका. तिथं ऊसतोडीचा हंगाम संपवून परतणाऱ्यांचा ट्रक उभा होता. सावलीत बसलेल्या एका बाईनं मला हाक मारली.

"बाई, कोन हाय त्यो म्हातारा?"

नाटकात काम करायचे, आता सोडलं, असं मी सांगितलं.

"मी बी शाळंत लई गायचे. माय आंथरुनाला लागली, शाळा सुटली, गानं बी सुटलं. त्येनं कावून सोडलं, इचारा की."

मी तिचं बोलणं त्यांना सांगून विचारलं. त्यांनी रबडीचा द्रोण खाली ठेवला. आई आजारी होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, ते म्हणाले. बाईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मी गोंधळले. गाडीत बसल्यावर गुडघ्याचं काय, असं विचारायची हिंमत झाली नाही.

अंबाजोगाईत हत्तीखान्याची लेणी पाहून घाटनांदूरला पोचलो. (एसटीनं यायचं तर अंबाजोगाईला उतरा, पुढे जीप मिळते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट.) पाहुण्यांची उंची पाहून अप्पा म्हणाले, "आमचा मांडवच बुटका हाय. राजाला वाकूनच यावं लागंल."

चहा घेताना अप्पांनी स्वतःचं सांगितलं. एका वर्षी ऐन प्रवेशात त्यांना वाक्यंच आठवेनात, तेव्हापासून ते फक्त विंगेतून इतरांना वाक्यं पुरवतात. "तुमचं कसं सुटलं, पाव्हणं?"

"विसरलो," अर्कादी पेत्रोविच म्हणाले. "भरल्या थिएटरात."

अप्पांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "हे परिचयात घ्या बरं. लोक ह्येच इचारतेत."

मी पाहुण्यांना बाजूला नेलं आणि तिन्हींपैकी खरं कुठलं, असं स्पष्ट विचारलं. ते रागावले नाहीत. मांडवाकडे बघत त्यांनी मलाच विचारलं, "संध्याकाळी कोण कोण येणार आहे?"

फेटा, शाल, नारळ झाल्यावर माईक माझ्या हातात आला. स्टेज सोडण्याचं कारण मी गाळलं. ज्याची खात्री होती तेच बोलले: यांचीही पहिली शाळा घरचीच, माझ्यासारखी, आणि पहिले गुरू वडीलच. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. समोर पोरांना मांडीवर घेऊन बसलेले बाप होते, त्यांनी जास्तच वाजवल्या. अर्कादी पेत्रोविच यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. सुंदर झुकवली.

दुसऱ्या दिवशी ते घाटनांदूर स्टेशनवरून हैदराबादकडे गेले. परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर माझ्या लक्षात आलं की पैलवानाचा गुडघा, त्या बाईची आई, अप्पांची विसरलेली वाक्यं, सगळं त्यांच्यापर्यंत माझ्याच तोंडून गेलं होतं. ज्यानं जे दिलं तेच त्यांनी त्याला परत केलं. ही लबाडी, की आपलेपणा? मांजरसुंब्यापर्यंत एक वाटायचं, बीडला दुसरं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. "पण एक तरी खरं कळलं," मी म्हणाले. "घरी शिकल्याचं."

बाबांनी चष्मा काढला. "ते आधी तू त्यांना सांगितलंस, की त्यांनी तुला?"

पुलावरचा वारा आठवला, त्यांनी टोपी धरून ठेवलेली आठवली. आधी कोण बोललं ते आठवेना. अजूनही आठवत नाही. घाटनांदूरचं कुणी हे वाचत असेल तर त्या संध्याकाळचं माझं ते वाक्य तेवढं कच्चं धरा. टाळ्या मात्र परत मागवत नाही.