काकीने जमवलेली लग्नं

माझी काकी पत्रिका बघत नसे, माणूस चिखलात उभा करून बघे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिचं गाव. कुणासाठी स्थळ बघायचं असलं की लावणीच्या दिवसांत ती मुलाच्या घरच्या शेतात हक्काने भात लावायला उतरायची आणि मुलाशेजारची जागा धरायची. ओळीतले सगळे मागे मागे सरकत रोपं लावतात. शेजारचा रेंगाळला तर मुलगा करवादतो, आपलीच ओळ संपवून मोकळा होतो, की गुमान त्याची चार रोपं लावून देतो, एवढंच ती बघायची. "कुंडलीत ग्रह दिसतात गो, सोभाव नाय दिसत," असं तिचं म्हणणं.

अशी तिने वीसेक लग्नं जमवली आणि एकही मोडलं नव्हतं. हे ती स्वतः सांगत नसे; सांगायला अख्खं गाव होतं. अजूनही डोळे मिटले की धुक्यात बुडालेलं खाचर दिसतं, पाण्यात हलणारं हिरवं दिसतं, आणि त्यात कंबरेत वाकलेली काकी, कुणाच्या तरी मुलाकडे तिरक्या नजरेने बघणारी. मला ती फार आवडायची.

माझं स्थळही तिनेच पाहिलं. मी बडबडी आणि तापट. रागावले की घर डोक्यावर घेते आणि चहा उकळेपर्यंत विसरूनही जाते. मुलगा दिवसभर तिच्या शेजारी रोपं लावत होता. पाऊस झोडपत होता, शेजारचा गडी चुकारपणा करत होता, तरी याच्या कपाळावर आठी नाही की तोंडातून शब्द नाही. काकी हरखली. महाडला आमचा संसार सुरू झाला आणि कळलं, की तो माझ्याशीही बोलत नाही. मी भांडले की तो भिंतीकडे बघायचा, मग पंधरा पंधरा दिवस अबोला. वाईट नव्हता बिचारा. पण बोलून मोकळी होणारी मी त्या घरात हळूहळू मुकी झाले. घटस्फोटाचा शब्द मात्र चार वर्षं गिळत राहिले, कारण बट्टा काकीच्या नावाला लागला असता.

शेवटी तीच महाडला आली, दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझी नजर चुकली. घुमा होता, मी शांत समजले. तुझं काय चुकलं नाय. हो मोकळी."

कोर्टाच्या तारखेला ती पहिल्या एसटीने हजर. लोक बघतील, कशाला आलीस, असं मी म्हटलं.

"जमवताना पुढे होते," ती म्हणाली, "मोडताना मागे कशाला राहू?"

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी फोनवर विचारायची, यंदा किती जमवलीस. कधी "दोन जमली गो" म्हणायची, कधी "एक हाय हातात". ऐकून माझ्या जिवाला बरं वाटायचं.

परवा तिच्या तेराव्याला मी काकांना विचारलं, तिने अलीकडे जमवलेली जोडपी कोणती आली आहेत.  काका हलकेच म्हणाले, माझ्या घटस्फोटानंतर स्थळ विचारायला त्यांच्या दारात कुणी आलंच नव्हतं.