अंगठा बघणारे गिरमिटकाका

गिरमिटकाकांपुढे कुणी हात मिळवायला हात पुढे केला, की ते तो उलटा करत, खिडकीच्या उजेडात नेत आणि अंगठा निरखत. नाव-गाव नंतर. पहिल्या भेटीत माझा अंगठा बघून त्यांनी विचारलं, "ह्यो कोनी केला?" जणू कुणी मला मारलं होतं.

अंगठा बोलिंगनं सुजला होता. क्रिकेटची बोलिंग नव्हे. लांब गुळगुळीत लाकडी पट्ट्यावरून जड बॉल घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभ्या दहा पिना पाडायच्या, ती. न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात मी कागदपत्रं तपासते. ऑफिसच्या पार्टीला वाशीच्या एका मॉलमध्ये पहिल्यांदा खेळले तेव्हा मला सेहेचाळिसावं लागलं होतं. पहिल्याच बॉलला सात पिना पडल्या, आणि वीस वर्षं कंटेनरचे नंबर जुळवणाऱ्या बाईला आपल्या दंडात जोर आहे हे समजलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, पोरांचा खेळ तो. या वयात कुठं?" तिथंच माझं ठरलं.

हॉलचे बॉल वापरता येतात, पण मला माझा स्वतःचा हवा होता. हॉलला लागूनच असलेल्या दुकानातल्या माणसानं सात किलोचा, निळा चकचकीत बॉल काढला, माझ्या बोटांना पट्टी लावल्यासारखं केलं आणि अर्ध्या तासात तीन भोकं पाडून दिली. अंगठा आत अडकायचा. तक्रार केली तर म्हणाला, "मॅडम, सवय होईल." पंधरा दिवसांत कातडं सोललं आणि मनगट बांधून ऑफिसला जावं लागलं. हॉलवर नियमित खेळणारे एक निवृत्त बँकवाले होते, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांनी माझा हात बघून विचारलं, "जुईनगरला गिरमिटकाकांकडे गेला नाहीत का?"

गावठाणातल्या स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर काकांचं दुकान होतं. तिथं विकायला एकही बॉल मांडलेला नव्हता. एक ड्रिल मशीन, एक स्टूल, भिंतीवर पॉलिश पेपरच्या पट्ट्या. काका खाडीकाठच्या जुन्या गावचे, कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडल्यावर कुणीतरी खराब झालेला बोलिंगचा बॉल दुरुस्तीला आणला, आणि ते या कामात पडले. लाकडाला भोक पाडायच्या गिरमिटावरून खेळाडूंनी चेष्टेनं ठेवलेलं नाव त्यांनीच दारावर रंगवून घेतलं होतं.

माझा निळा बॉल त्यांनी उचलून बघितला. "सात किलो, नि तुज्या हाताला? भोका भरून नवी पारली तरी वजन तवरंच रहनार, बाय."

"मग दुसरा द्या."

"आता देनार नाय. दोन म्हयने हॉलवरचा हलका बॉल खेल. अंगठा सुकू दे. मंग ये."

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघत होते. रागही आला. पण त्यांनी सांगितलं तसं केलं आणि दोन महिन्यांनी परत गेले. त्यांनी सकाळी माप घेतलं आणि संध्याकाळी परत बोलावलं. "सकालचा अंगठा नि सांजचा अंगठा येक नसतो," म्हणाले. मग पाच किलोचा बॉल मागवला, भोकं पाडली, कडा घासल्या. मी अंगठा घालून बघायचा, त्यांनी पुन्हा घासायचं, असं किती वेळा झालं कोण जाणे. हॉलवर तो बॉल हातातून सुटला तेव्हा सुटल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

हळूहळू बरेच खेळाडू जुईनगरला जायला लागले. हॉलच्या मॅनेजरला ते खुपलं. आधी तो काकांकडे गेला. गिऱ्हाईक पाठवतो, पण बॉल आमच्याच दुकानातला घ्यायला सांगा, म्हणाला. काकांनी उत्तर दिलं, "अंगठा बगल्याबिगर कनचा बॉल घे ते कसा सांगू?"

पुढे कंपन्यांच्या स्पर्धेच्या दिवशी मॅनेजरनं मला काउंटरवर अडवलं. बाहेर भोकं पाडलेला बॉल चालणार नाही, सेफ्टीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, "नियम लिहिलेला दाखवा." कागद तपासणं हा माझा धंदाच. कागद नव्हता. साहेबांनी काकांना फोन लावला, आणि काका रिक्षा करून, मशीनच्या तेलाचे डाग पडलेल्या शर्टातच आले. मॅनेजरला ओलांडून ते आत गेले. खेळाडूंकडे वळून म्हणाले, "अंगठं दावा सगल्यांनी."

तीसेक माणसांनी अंगठे पुढे केले. निम्म्यांचे सोललेले, काहींना पट्ट्या.

"ह्ये माज्या दुकानातलं नाय," काका म्हणाले. "ह्ये हितलं हाय."

"काका, तुम्ही बाहेर व्हा," मॅनेजर म्हणाला.

तेव्हा साहेब खाली वाकले, पायातले खेळायचे बूट काढले आणि काउंटरवर ठेवले. "ते बाहेर, तर आम्हीही बाहेर." मी माझे ठेवले. मग एकामागून एक सगळ्यांनी. काउंटर बुटांनी भरला. वीस मिनिटांनी स्पर्धा सुरू झाली, आणि मी माझ्याच बॉलनं खेळले. खालून चौथी आले. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

गेल्या वर्षी काकांच्या उजव्या हाताला लकव्याचा झटका आला. त्याच हॉलवाल्यांनी निरोप धाडला, आमच्या दुकानाला तुमचं नाव देतो, तुम्ही नुसतं बसा. काका म्हणाले, "नाव माजा नि भोका त्यांची? नाय जमाचा."

मी नवा बॉल घेऊन गेले होते. त्यांनी लुळा उजवा हात मला दाखवला आणि स्टुलाकडे बोट केलं. "तू पार भोका."

मी मशीनला बसले. ते मागे उभे राहिले, डावा हात माझ्या खांद्यावर. "दाबू नको. त्याच्या त्याला जाव दे." दुपार गेली. शेवटी त्यांनी अंगठ्याच्या भोकात बोट फिरवून बघितलं. "तिरका हाय. पन अंगठा कापनार नाय."

दोन महिन्यांनी काका गेले. आता वाशीच्या दुकानात कॉम्प्युटरवर माप घेणारं मशीन आलंय. भोक सरळ करून देतो, असं मॅनेजर दर वेळी सांगतो. मी त्याच्यासमोरच बॉल उचलते, त्या तिरक्या भोकात अंगठा घालते आणि खेळायला जाते.