उलटा ढाळ

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं अवजार. आमच्या फरशीवाल्याला सगळे त्याच नावाने हाक मारायचे, कारण कुणाचं काम केसभर तिरकं दिसलं की हा चारचौघांत त्याची लाज काढायचा. मी नळवाला. तीस वर्षं आम्ही एकाच बाथरूममध्ये घुसून भांडलो. पाणी तुंबलं की तो म्हणायचा, तुझी जाळी वर बसलीय. मी म्हणायचो, तुझा ढाळ चुकलाय.

गेल्या वर्षी हृदयातून निघणारी त्याची मोठी रक्तवाहिनी आतून फाटली. डॉक्टरांनी तो तुकडा काढून नळी बसवली. घरी सोडताना सांगितलं, जड उचलू नका, रक्तदाब वाढू देऊ नका. घरच्या शहाण्यांनी त्याचा अर्थ लावला, याला कशालाच नाही म्हणायचं नाही.

तेव्हापासून त्या घरात सगळे नंदीबैल. जावई पत्त्यांत मुद्दाम हरतो, आणि तेही त्या गाढवाला धड जमत नाही. दवाखान्यातून एक मुलगी अधूनमधून फोन करते. चालता का, झोप लागते का, मनाला कसं वाटतं, असं विचारते. वहिनी परस्पर "उत्तम" सांगून मोकळ्या होतात. गुण्या शेजारीच उशीला टेकून गप्प. मुकादमाला घाम फोडणारा माणूस, आणि तोंडात मूग धरून बसलाय. मला त्याची किळस यायची.

गेल्या महिन्यात त्याने घरचंच बाथरूम करायला घेतलं. नळ आणि जाळी मी आधीच बसवून दिली होती. मुलगा माल कालवायचा, हा पाटावर बसून एकेक फरशी बसवायचा. काम संपल्यावर मला बोलावून त्याने तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे न जाता थेट दाराशी, माझ्या पायांपाशी येऊन साचलं.

झकास झालंय, असं मुलगा म्हणाला. सुनेने फोटो काढला. वहिनी डोळ्यांनीच माझी विनवणी करत होत्या. माझ्या शब्दाने याला काही झालं तर, या भीतीने मीही "फरशी बरी आहे" असं पुटपुटलो. थू माझ्या जिनगानीवर.

कामचुकार मजुराकडे बघायचा, तसं गुण्याने माझ्याकडे बघितलं.

"तुलापण पाणी दिसत नाही?"

माझं डोकं सणकलं. "दिसतंय. ढाळ उलटा आहे. उखड सगळी."

वहिनी मला दाराबाहेर ओढू लागल्या.

"तुझी जाळी वर आहे," गुण्या म्हणाला.

अर्धा तास आम्ही कचाकचा भांडलो. शेवटी त्याने स्वतःच ढाळ मोजायची पाणसळ ठेवून पाहिली आणि डावा हात माझ्यापुढे धरला. ऑपरेशनपासून बोटं बधिर होती. फरशी नीट टेकली की नाही, ते त्याला कळतच नव्हतं. वर्षभर हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या नंदीबैलांपैकी कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा फरशी उखडत असताना त्या मुलीचा फोन आला. वहिनींनी "उत्तम" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात गुण्याने फोन काढून घेतला.

"उत्तम कसलं? डावा हात गेलाय. फरशी उखडावी लागली. उद्या परत लावतोय. डावी बाजू दाबायला हा नळवाला घेतलाय, आणि त्याला काडीचं काही येत नाही."