छातीवरचा डाग

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात छातीपर्यंतचा एक रबरी पुतळा आहे. बंद पडलेलं हृदय छाती दाबून पुन्हा कसं सुरू करायचं, ते मी मुलांना त्याच्यावर शिकवते. काल वर्ग संपल्यावर खिडकीतलं तिरपं ऊन त्याच्यावर पडलं, तेव्हा छातीच्या मधोमध तळहाताएवढा काळपट, गुळगुळीत डाग दिसला. रोजच्या हातांनी जात्याचा खुंटा होतो, तसा.

किती मुलांचे घामेजलेले हात तिथे पडले असतील. आता ती कुठल्या कुठल्या गावी डॉक्टर असतील, आणि तेच हात कुणाच्या तरी खऱ्या छातीवर पडले असतील.

गेल्या महिन्यात मान्यता देणारी समिती पाहणीला आली, तेव्हा हा पुतळा कळकट दिसतो म्हणून मीच तो कपाटात ठेवायला सांगितला. आमचे शिपाई मामा एवढंच म्हणाले, "मॅडम, पण पोरं तर याच्यावरच शिकतात." त्याच्या जागी आम्ही खोक्यातला कोरा पुतळा मांडला. समितीतल्या वयस्कर डॉक्टरांनी त्याच्या छातीवरून हळूच बोट फिरवलं.

"मुलं यावर सराव करतात?"

"हो सर, रोज."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शेरा लिहिला, उत्तम.

आमचं शिकवणं वर्षागणिक सुधारतंय, याचे पुरावे आम्ही वर्षभर फायलींत लावत होतो. खरा पुरावा त्या दिवशी कपाटात पडून होता, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती.