डाव्या बाजूचं दार

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईला नाही, जिवाभावाचा एक मित्र आहे त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर बसला असतात तर बहुतेक मी कापसाचं, हवेचं काहीतरी बोलून उठलो असतो.

गोष्ट एका दाराची आहे. आमच्या जुन्या जीपच्या दाराची.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला जी गावं आहेत, तिथं माझे वडील, आबा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला जायचे. रस्ते असे की दुसरी गाडी टिकली नसती, म्हणून जीप. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांच्याच नावावर मला कामं मिळत गेली. मग आबांना लकवा मारला. डावा हात लोंबकळायला लागला, डावा पाय ओढत चालायचे, बोलणं जड झालं. कोणी जुनं माणूस भेटलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पण सकाळी मी चावी उचलली की ते टोपी घालून ओट्यावर तयार असायचे. शेजारच्या सीटवर बसून माझ्याबरोबर निघायचे.

जीपची दोन्ही दारं खालून गंजून गेली होती. डाव्या दाराची तर खिट्टीच धरायची नाही, मी ते सुतळीनं बांधून ठेवायचो. आई म्हणाली, एखाद्या वळणावर पडतील ते, आधी दारं बदल. म्हणून आम्ही दोघं धुळ्याला गेलो, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतात त्या गल्लीत.

आमच्या जीपला बसतील अशा दारांच्या दोन जोड्या होत्या. एक जरा कळकट, खालच्या पत्र्याला ठिगळ मारावं लागणार होतं, पण आतून लांब मूठ होती. मूठ खाली दाबली की दार उघडायचं. दुसरी जोडी साफ होती, रंगही बरा. तिचा खटका मात्र आतल्या अंगाला, दाराच्या मागच्या कोपऱ्यात दडलेला. दोन बोटं आत घालून मागं ओढायचा.

आबांनी स्टूल मागून घेतलं. दुकानदारानं एकेक डावं दार त्यांच्या शेजारी उभं धरलं. आबांनी उजवा हात अंगावरून पलीकडे नेला आणि लांब मूठ दाबली. खिट्टी मागं सरली. सोडली, परत दाबली. दुसऱ्या दाराच्या खटक्यापर्यंत त्यांचा हात पोचेना. अंग तेवढं वळायचंच नाही.

"हाई चांगलं शे, भाऊ," ते मला म्हणाले. "मी एकलाच उतरसू."

अर्ध्या तोंडानं हसले. लकव्यानंतर त्यांना एवढं खूष मी पाहिलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, पत्र्याचं काम करून ठेवतो, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन या.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच गेलो. आणि दुसरी जोडी बसवून आणली.

लांब मुठीची जोडी तयार होती. ठिगळ मारून, घासून ठेवली होती. दुकानदारानं विचारलंसुद्धा, ही नको का? मी म्हणालो, नको, आबांचा विचार बदलला. घरी येऊन आबांना सांगितलं — "ती विकाई गई, आबा."

"जाऊ दे, भाऊ," ते म्हणाले.

का केलं मी असं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ठिगळाचा पत्रा किती दिवस टिकणार, चालत्या गाडीत त्यांचा हात मुठीवर पडला तर काय — पण तसं नव्हतं. त्यांनी उतरू नये, एवढंच मला हवं होतं.

ते उतरले की लोक जमायचे. आबांच्या तोंडातून लाळ गळायची, ती मी सगळ्यांदेखत पुसायची. ते रडायचे, मग दुसरे रडायचे. तुम्ही म्हणाल, लाज वाटायची. वाटायचीच. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि तेच सांगायला जड जातंय. मी मोटार खोलून बसलेलो असायचो, हात ग्रीसनं भरलेले, आणि शेतकरी माझ्या डोक्यावरून त्यांना विचारायचा — आबा, तुम्ही सांगा, काय झालंय हिला? धड बोलता न येणाऱ्या माणसाला विचारायचा. मला नाही. लकवा झालेल्या बापावर कोणी जळतं का? मी जळत होतो.

नवीन दारं बसल्यावर सगळं सोपं झालं. मी उघडेपर्यंत ते आत. सुरुवातीला लगेच उघडायचो. मग काम संपवून उघडायला लागलो. मग गाडीच विहिरीपासून लांब लावायला लागलो. ते काचेतून बघत बसायचे.

दोंडाईच्याला एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं. आबांनी पेटीतून पांढरं धोतर काढायला लावलं, आईकडून दाढी करून घेतली. मंगल कार्यालयासमोर गर्दी होती, म्हणून मी गाडी मागच्या भिंतीकडे नेऊन लावली. म्हणालो, बसा, सावलीत खुर्ची बघतो आणि न्यायला येतो. खरंच तसं मनात होतं का? आता सांगता येत नाही. दारातच मुलीच्या बापानं विचारलं, आबा कुठे? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — बरं नव्हतं त्यांना, नाही आले.

एकदा ते बोलल्यावर त्यांना आणणार कसं?

मी पंगतीत बसलो. वरणबट्टी, वांग्याची भाजी. तेवढ्यात हॉर्न वाजला. आमचाच. त्याचा घोगरा आवाज मला झोपेतही ओळखता आला असता. थांबला, परत वाजला. उजवा हात त्यांचा चालायचा, तो स्टिअरिंगपर्यंत पोचायचा. माझ्या शेजारचा म्हणाला, कोण वाजवतंय एवढा?

"पोरं खेळत असतील," मी म्हणालो.

आणि भाजी वाढून घेतली. हॉर्न बराच वेळ वाजत होता. मग बंद झाला.

मी गेलो तेव्हा उन्हानं तापलेला गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. आबा घामानं निथळत होते. खांद्यावरचा रुमाल त्यांनी मांडीवर पसरून घेतला होता. मी दार उघडलं आणि वासावरून समजलो की धोतर ओलं झालंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दार लावलं आणि निघालो. शिरपूर येईपर्यंत आम्ही दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत होतो.

घरी आईनं धोतर पाहिलं आणि घाबरून विचारलं, असं कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले — "झोप लागी गई माले."

त्यांनी मला वाचवलं. आणि मी वाचलो.

दुसऱ्या दिवशी मी चावी उचलली तेव्हा ते ओट्यावर होते, पण टोपी नव्हती. "मी घरच बरा शे," म्हणाले. त्यानंतर ते कधीच आले नाहीत. मी एकदाही चला म्हणालो नाही.

इथं थांबलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, झालं, संपलं. पण जे सांगायला बसलो ते अजून राहिलंच आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसायचो. आबा विचारायचे, आज कोणत्या गावाला गेला होतास? मी नाव सांगायचो. मग ते त्या गावातल्या माणसांची नावं जड जिभेनं एकेक करून घ्यायचे. कोणाची विहीर कुठे, कोणाची मोटार कोणत्या साली बसवली. आणि शेवटी, भाकरीकडे बघत, विचारायचे — मना बारामा कोणी इचारं का?

विचारायचे. प्रत्येक गावात लोक त्यांच्याबद्दल विचारायचे. पोचलो की पहिला प्रश्न तोच असायचा. एका म्हातारीनं तर त्यांच्यासाठी बोरं बांधून दिली होती. ती मी रस्त्यातच खाऊन टाकली. त्यांना घेऊन ये रे, एकदा भेटू दे, असं लोक म्हणायचे. मी हे सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी टोपी घालून तयार बसले असते.

म्हणून मी म्हणायचो, "नाही, आबा. कोणी नाही."

ते मान हलवायचे आणि जेवायला लागायचे. दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. मग हळूहळू विचारणं कमी झालं, आणि एक दिवस बंद झालं. मला सुटल्यासारखं वाटलं.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते हेच समजून गेले की त्या गावांमध्ये त्यांची आठवण कोणी काढत नाही.