कपाखालचं लाल कार्ड

रविवारी दुपारी आम्ही ऑफिसातले चौघे जवाहर नगरच्या माझ्या फ्लॅटवर रोलप्लेइंग गेम खेळायचो. गोष्ट मी रचायचो, बाकीचे तिघे त्यातली पात्रं व्हायचे. टेबलावर एक लाल कार्ड असायचं. एखादा प्रसंग सोसवला नाही तर त्यावर बोट ठेवायचं, की खेळ थांबायचा. मला ही थेरं वाटायची.

त्या दिवशी मी रंगात येऊन जळत्या घरात अडकलेल्या बाईच्या किंकाळ्या काढत होतो. आमच्यातली सोलापूरची मैत्रीण टेबलावर काहीतरी शोधत होती. मला वाटलं, खेळातले फासे. तिने माझा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला आणि खालच्या कार्डावर बोट टेकलं.

“माझी आई अशीच गेली,” ती म्हणाली.

मी कार्डाकडे बघितलं. त्यावर माझ्या कपाचे कित्येक रविवारचे गोल डाग सुकलेले होते.