समुद्र नसलेल्या गावचा कप्तान

कुणी ‘कप्तान’ म्हणून हाक मारली की आमचे काका खाली मान घालून चपला शोधायला लागत. चपला पायातच असल्या तरी. नागपुरात मानाने हाक मारून घ्यायला माणसं काय काय करतात. काकांना तो मान कानात गेलेल्या पाण्यासारखा सलायचा.

त्यांची चूक एवढीच, की जहाजावरची नोकरी संपवून ते पांढरी टोपी घालून स्टेशनवर उतरले. पांढरी टोपी म्हणजे कप्तान, असं मोहल्ल्याने परस्पर ठरवून टाकलं. समुद्र कुणी पाहिला होता! काका पडले भिडस्त. पहिल्या दिवशी खुलासा राहून गेला, दुसऱ्या दिवशी जड गेला, आणि मग गणपतीत आरतीचं ताट पहिल्यांदा कप्तानांच्याच हाती यायला लागलं.

जहाजावरच्या गोष्टी सांगा म्हटलं तर ते एवढंच सांगत, “तुफानात पातेलं अर्धंच भरा लागते.” पानठेल्यावरची मंडळी माना डोलवत आणि ते वाक्य संसाराला लावून बघत. एका मास्तरांनी तर निरोप समारंभाच्या भाषणात ते वापरलं.

त्यांच्या मुलीचं, वर्षाचं लग्न ठरलं, तेव्हा कळमेश्वरच्या व्याह्यांनी हौस सांगितली : कप्तानांबरोबर एकदा बोटीत बसायचं. रामटेकजवळच्या तलावावर शिडाची एक बोट भाड्याने मिळायची. आत छोटं डिझेल इंजिनही होतं. बरोबर कप्तान आहेत म्हटल्यावर बोटवाला निर्धास्तपणे काठावरच थांबला. व्याही, काका, काकू, वर्षा आणि मी, असे निघालो. तलावाच्या मध्यावर वारा पडला. काकांनी इंजिन लावलं, ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. टाकी कोरडी होती. बोटीतल्या डब्यातलं डिझेल ओतलं, तरी ते ढिम्म. सगळे काकांकडे बघायला लागले.

काकांनी पाना उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. “मले येत नाही, इवाई,” ते व्याह्यांना म्हणाले. “मी कप्तान नव्हतो. जहाजाच्या भटारखान्यात होतो. पोळ्या लाटत होतो.” वर्षाने तोंड फिरवलं. लग्न आता मोडतंय, असंच मला वाटलं. शरमेने जीव नकोसा झाला.

व्याही उठले. मग बाह्या सारून इंजिनापाशी आले. “एअर घेतली त्यानं. आमच्या विहिरीवरचं बी असंच करते. तुम्ही पंप मारा.” त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, काका हातपंप मारत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, आणि डिझेलची सलग धार लागली तसा व्याह्यांनी स्क्रू आवळला. नोझलच्या नळीतूनही तशीच हवा काढली. इंजिन धडधडलं.

काठावर उतरल्यावर व्याही बोटवाल्याला म्हणाले, “बंद पडलं होतं. कप्तानसाहेबांनी चालू केलं.” बोटीत उतरला नव्हता एवढा काकांचा चेहरा तेव्हा उतरला.

लग्नाच्या पंगतीत त्यांनी माइक मागून घेतला. “मी कप्तान नव्हतो,” ते म्हणाले, “मी खानसामा होतो.” आधी हशा पिकला, मग टाळ्या. “एवढा मोठा माणूस, पण गर्व नाही गा,” माझ्या शेजारचे म्हणाले. काका माइक धरून तसेच उभे राहिले. खरं काय ते बोटीतल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यातलं कुणी उठलं नाही. शेवटी व्याह्यांनी हात धरून त्यांना खाली बसवलं.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला : टोपीतला फोटो, मागे भलंमोठं जहाज, आणि जाड अक्षरांत ‘कप्तान’. काकू कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी होती.

“सगळ्यायसमोर सांगतलं होतं त्यायनं,” ती म्हणाली. “कोणी ऐकलं नाही. आपण तरी उठाले पायजे होतं, बाबू.”

मला वर बघवेना. मी खाली मान घालून चपला शोधायला लागलो. त्या पायातच होत्या.